क्रॉस कनेक्शन

थेस्सलोनिकीच्या बाहेर, विमानतळाच्या रस्त्यावर,
तिसऱ्या मजल्यावर बसून मी रक्त वाचते.
सगळं नाही. पांढऱ्या पेशींतला एक परिच्छेद,
जिथे प्रतिपिंडाचं जनुक
तीन वायरी पिळून एक केलेली असावी
तसं जोडलेलं असतं, हाडाच्या मज्जेत,
अंधारात, कुणाचंच लक्ष नसताना.

स्टेर्गिओस मावरूदिस, वय एकाहत्तर,
कावालाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं.
डॉक्टरांकडे न जाता थेट माझ्याकडे आला
आणि टेबलावर बदामाची बिस्किटं ठेवली.
पिठीसाखर रिपोर्टवर सांडली. मी झटकली नाही.

म्हटलं, हे बघा, आईबापाकडून आलेल्या प्रतीशी
तुमचं जनुक तंतोतंत जुळलं असतं तर ते वाईट.
मक्षिकास्थाने मक्षिका उतरवणारी पेशी
पुढे आडदांड निघते.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांची रेघ आहे. तुमचे सत्त्याण्णव पूर्णांक दोन.
म्हणजे खाडाखोड आहे,
म्हणजे पेशी कुठेतरी घासली, रुळली, चार गोष्टी शिकली.

तो हसला.
"कमी मार्कांचा फायदा,
हा जन्मात पहिलाच."

इथे थांबता आलं असतं मला.
बिस्किट खाता आलं असतं.

पान उलटलं.
जगभरच्या आजाऱ्यांत काहींचे ग्राही
एकमेकांची नक्कल केल्यासारखे निघतात.
ना नातं, ना गोत, ना एक भाषा.
असं घडायची शक्यता मांडायला बसलं
तर शून्यं लिहून हात दुखतो. तरी घडतं.
त्यांचे गट पाडलेत. तुमचा दुसरा.
दुसऱ्या गटात
खाडाखोडीचं पुण्य चालत नाही.

तो गप्प. मग, "करतो काय हा ग्राही?"

उभा असतो पेशीच्या अंगावर, बाहेरच्याची वाट बघत.
जंतू यावा, काहीतरी परकं यावं, आणि आत वर्दी द्यावी.
तुमचे हे
शेजारी उभ्या आपल्याच भावंडाचा हात धरतात
आणि आत ओरडतात: आला, कुणीतरी आला,
वाढा.

"ओल," तो म्हणाला.
"दक्षिणेचा वारा सुटला की केबलमध्ये पाणी शिरायचं,
आणि कस्टम्सच्या बंद ऑफिसात
फोन वाजत राहायचा रात्रभर.
एकदा किल्ली मागवून उचलला मी.
पलीकडे
माझाच श्वास."

गोळी आहे, मी घाईने सांगितलं.
घंटा तिला थांबवता येत नाही,
निरोप आत नेणारी तार ती कापते.
रोज घ्यायची. बहुतेक जन्मभर.
"बरोबर आहे," तो म्हणाला,
"आम्हीही शेवटी तारच कापायचो."

मग त्याने तो प्रश्न विचारला
ज्याला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.
"हुबेहूब माझ्यासारखा आणखी कोण?"

स्क्रीनवर ओळीखाली ओळ होती.
नऊ अमिनो आम्लांचा तोच वळसा,
एका अक्षराचा फरक. नावाच्या जागी आकडा.
मी सांगू नये ते अर्धंच सांगितलं:
एक बाई. स्वीडनमध्ये.

"आहे ना अजून?"

नमुना नऊ वर्षांपूर्वीचा आहे, मी म्हटलं.

तो पुढे काही बोलला नाही.
जोडून द्यायचं, ऐकत बसायचं नाही,
एकतीस वर्षांची सवय.
कोटावरची साखर झटकली, टोपी शोधली,
ती हातातच होती.
दाराशी जाऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
बारा वाजत आले होते.

"स्वीडन आपल्या एक तास मागे ना?"

हो.

"म्हणजे तिथे अजून अकराच," तो म्हणाला.
"तिला अजून काही कळलेलं नाही."